"किल दिसलं का?" हा प्रश्न आपण सोडूया



आपल्या मंडळातल्या सहलींचा नकाशा हल्ली बदललाय. शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ या यात्रा चालूच असतात. पण मुलं कमावती झाली की काश्मीर, मग दुबई, मग युरोप आणि त्यानंतर केनिया असा क्रम जणू ठरून गेलाय. केनिया म्हणजे मसाई मारा आणि मसाई मारा म्हणजे सफारी. मीही गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत नणंदबाई आणि चार मैत्रिणींबरोबर जाऊन आले.

तिथून परत आलेल्या बाईला पहिला प्रश्न एकच असतो, "किल दिसलं का?" किल म्हणजे सिंह-चित्त्याने शिकार मारताना प्रत्यक्ष बघायला मिळणं. दिसलं असेल तर तिच्या मोबाइलभोवती घोळका जमतो. नसेल तर ती कसनुसं हसून सांगते, "नाही हो, आमचं नशीबच नव्हतं."

नशीब! दाराशी मुंग्यांची रांग दिसली तर आपण पाय उचलून पलीकडे टाकतो. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाही. पावसाळ्यात पालेभाजी बंद करतो. आणि एका हरणाचा जीव जाताना दिसला नाही म्हणून आपण नशिबाला बोल लावतो? हे मला खटकलं आणि त्यावर आज सविस्तर लिहायचं आहे. सफारीला जाऊ नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. जरूर जा. पण तिथे काय बघायला जायचं, हे घरून ठरवून जा. आपल्या इच्छेप्रमाणे गाडी वळते, आणि गाडी वळली की एखाद्या जनावराच्या पोटावर पाय पडतो. ते कसं, ते सांगते.

आधी तिथला दिवस कसा असतो ते बघा. पहाटे साडेपाचला चहा. सहाच्या सुमारास गाडीत. गाडी म्हणजे उघडणाऱ्या टपाची लँड क्रूझर, उभं राहून चहूकडे बघता येतं. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १५१० चौरस किलोमीटरचं आहे. झाडं तुरळक, गवत मात्र नजर पोचेल तिथवर. सकाळच्या कोवळ्या उन्हात झेब्रे, जिराफ, हरणांचे कळप, रानडुकरं, शहामृग असे इतके जीव एका नजरेत दिसतात की आपण गाव सोडून कुठे आलोय, यावर विश्वास बसत नाही. सिंह दिसले तर बहुधा झोपलेलेच दिसतात. दिवसातले अठरा-वीस तास ते लोळून काढतात.

आणि नेमकी इथेच गाडीत चुळबूळ सुरू होते. "हे नुसतं झोपलंय की!" "दुसरीकडे बघू या का?" ड्रायव्हरकडे रेडिओ असतो. कुठे काय दिसलं ते सगळे ड्रायव्हर एकमेकांना सांगत असतात. गाडीतल्या बायका कशावर खूश होतात आणि कशावर कंटाळतात, हे तो पहिल्या तासाभरात ओळखतो. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला मी दोष देत नाही. आपण "सिंह, चित्ता, शिकार" असं घोकलं, की तो जिराफाजवळून सुसाट जातो आणि जिथे दहा गाड्या उभ्या आहेत तिथे अकरावी नेऊन लावतो.

"बिग फाइव्ह" हा शब्द तर तुम्ही माहितीपत्रकातच वाचला असेल. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. मला वाटायचं, हे आफ्रिकेतले सगळ्यांत मोठे किंवा देखणे पाच. पण मग जिराफ का नाही? पाणघोडा का नाही? कारण ही यादी शिकाऱ्यांची आहे. पायी जाऊन मारायला जे पाच प्राणी सगळ्यांत अवघड आणि धोक्याचे, ते बिग फाइव्ह. सफारी हा शब्द स्वाहिली, अर्थ प्रवास, आपल्या "सफर"चाच भाऊ. पण गोऱ्या साहेबांच्या काळात त्याचा अर्थ शिकारीची मोहीम असा झाला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. फार चांगलं झालं. पण यादी तीच राहिली आणि "मिळालं की नाही" हा हिशेबही तोच राहिला. आपण तरी पाचाचा आकडा का मोजत बसावं?

आता आमच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळचे आठ वाजले असतील. एका वारुळावर चित्त्याची मादी उभी होती. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे, बरं का. चित्ता अंगाने शेलाटा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या अश्रूंसारख्या दोन रेघा. तिच्या मागे गवतात तीन पिल्लं, मांजरीएवढी, पाठीवर राखाडी लव. समोर थॉमसन गॅझेल नावाच्या लहान हरणांचा कळप चरत होता. ती खाली उतरली आणि गवतातून दबकत निघाली. नियम असा आहे की एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या थांबाव्यात, अंतर किमान पंचवीस मीटर ठेवावं, बाकीच्यांनी लांब थांबून आपली पाळी येण्याची वाट बघावी. मी मोजल्या, चौदा गाड्या होत्या. ती जसजशी पुढे सरकत होती तशा गाड्याही पुढे सरकत होत्या, कारण प्रत्येकीला समोरून फोटो हवा होता. शेवटी एक गाडी तिच्या आणि हरणांच्या मध्ये आली. हरणांनी माना वर केल्या आणि कळप उधळला. ती धावलीच नाही. तिथेच गवतात बसली, मग उठून पिल्लांकडे परत गेली.

त्या क्षणी आमच्या गाडीत दोन आवाज झाले. एक "अरेरे, गेलं!" आणि दुसरा "बरं झालं बाई, वाचलं बिचारं!" आमच्यातल्या एक काकू तर आधीपासून ड्रायव्हरला सांगत होत्या, "हॉर्न वाजवा हो, त्या हरणाला कळू दे." पहिल्या आवाजातल्या बाया आणि दुसऱ्या आवाजातल्या काकू, दोघींबद्दल मला त्या दिवसापासून विचार करावासा वाटतो.

आधी "अरेरे"बद्दल.

आपल्या जपमाळेत १०८ मणी का, हे लहानपणी पाठशाळेत शिकवलेलं तुम्हाला आठवत असेल. एखादं पाप मनात योजणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं, हे तीन. मन, वचन, काया, हे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि कुणी केलं त्याला आनंदाने मान डोलवणं म्हणजे कृत, कारित, अनुमोदित, हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार करा, १०८ होतात. तिसऱ्या तिनातला तिसरा, अनुमोदना, त्याकडे आपलं लक्ष सगळ्यांत कमी जातं. हात आपला नसतो, हुकूमही आपला नसतो, म्हणून आपण मोकळे असं वाटतं. पण मनाने "होऊ दे, माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे" म्हटलं, की तो मणी फिरलाच.

श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडव्रत आहे. ज्यातून आपल्या संसाराचा काही हेतू साधत नाही, असं विनाकारण केलेलं पाप टाळणं, हा त्याचा अर्थ. त्यात अपध्यान येतं, म्हणजे कुणाचा वध व्हावा, कुणी हरावं, कुणी बांधलं जावं असं मनात चिंतणं. सिंहाने मारलेलं हरीण सिंहाच्या पोटात जातं. आपल्या पोटात काय जातं? एक व्हिडिओ, तो चार ग्रुपवर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत विसरला जातो. अनर्थ हा शब्द याहून चपखल कुठे बसेल?

आणि हा खेळ आपल्याला नवा नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरवण्याचा शाही शौक होता. आपल्याकडचे चित्ते कमी झाल्यावर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. चित्त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची, कळपावर सोडायचं आणि पाहुण्यांनी गाडीतून बघायचं. आज ते ऐकताना आपल्याला कसंतरी होतं. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली कुनोमध्ये नामिबियातून आणून सोडावा लागला. माऱ्यामध्ये चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी नसते एवढाच फरक. पाहुणे तेच, गाडीतून बघणं तेच.

"पण आम्ही बघितलं काय न बघितलं काय, चित्ता मारणारच ना?" हा प्रश्न मला आमच्याच गाडीत एकीने विचारला. उत्तर त्या चौदा गाड्यांमध्ये आहे. आपल्या बघण्याने फरक पडतो. माऱ्यातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागात पर्यटकांची वर्दळ फार, तिथल्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं वाढून स्वतंत्र झाली. जिथे वर्दळ कमी, तिथे २.३. म्हणजे गर्दीच्या भागात पाच वेतं झाली तेव्हा कुठे एक पिल्लू मोठं झालं, आणि शांत भागात प्रत्येक वेताला दोनाहून जास्त. पर्यटकांनी पिल्लं मारली असं कुणी म्हणत नाही. पण चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, त्याच वेळी आपल्या गाड्या फिरतात. शिकार हुकते, आईला पिल्लांपासून दूर राहावं लागतं, जीव घाबरा होतो. चित्त्याची आई एकटीच पिल्लं वाढवते, जवळजवळ दीड वर्ष. नर मदतीला नसतो. सगळ्या जगात आता सातेक हजारच चित्ते उरलेत. ही आपल्याच वाट्याची हिंसा आहे, मैत्रिणींनो, आणि ती कॅमेऱ्यात दिसत नाही.

आता काकूंच्या हॉर्नबद्दल. काकूंचं मन मऊ, त्यांना हसू नका. त्या क्षणी माझ्याही ओठावर णमोकार मंत्र होता. पण हॉर्न वाजवून हरीण वाचवणं म्हणजे तीन पिल्लांना उपाशी ठेवणं. आपण दोन जिवांच्या मध्ये पडून एकाचा पक्ष घ्यायचा, आणि पक्ष कशावरून ठरवायचा? ज्याचे डोळे जास्त काळेभोर त्याचा?

इथे मला आपल्या चार भावना आधाराला आल्या. तत्त्वार्थसूत्रात त्या सांगितल्या आहेत. सर्व जिवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य, आणि ज्याला समजावणं आपल्या हातात नाही त्याच्याविषयी माध्यस्थ्य. माध्यस्थ्य म्हणजे बेफिकिरी नव्हे. राग नको, द्वेष नको, टाळी नको, शिव्याही नकोत. हरणाबद्दल करुणा ठेवावी आणि चित्त्याला दुष्ट म्हणू नये, दोन्ही एकाच वेळी. अवघड आहे, पण घरात दोन मुलांच्या भांडणात आपण हे रोज करतो.

नेमिनाथ भगवंतांनी लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरवला. तिथे मारणारा माणूस होता, हौसेसाठी मारणार होता, आणि ते थांबवता येत होतं. अशा ठिकाणी आपण जरूर मध्ये पडावं. सिंहाचं तसं नाही. पण म्हणून सिंह कायमचा पापी ठरला का? महावीर भगवंतांच्या पूर्वभवांत एक भव सिंहाचा आहे. हरणाची शिकार केलेल्या त्या सिंहासमोर दोन चारणमुनी उतरले, त्याला उपदेश केला, सिंहाला जातिस्मरण झालं आणि त्याने हिंसा सोडली. आपली परंपरा सांगते की पंचेंद्रिय तिर्यंचालाही सम्यक्त्व होऊ शकतं, तो अणुव्रतंसुद्धा पाळू शकतो. महावीरांचं लांछन सिंह, अजितनाथांचं हत्ती, श्रेयांसनाथांचं गेंडा, शांतिनाथांचं हरीण. रोज देवळात ज्यांच्या खुणा बघतो ते जीव इथे डोळ्यांसमोर हिंडत असतात. त्यांच्याकडे बघताना "मारतोय का?" याच्या पलीकडचं काही मनात यायला हवं.

काही जणी म्हणतील, मग डोळे मिटून बसायचं का? जगात मरण आहेच. हो, आहे. समोर शिकार झाली तर तोंड फिरवण्याचीही सक्ती नाही. वैराग्यासाठी याहून मोठा पाठ नाही. मारा नदी ओलांडताना विल्डेबीस्ट नावाचे ते गाईसारखे प्राणी बुडतात, वर्षाला सरासरी सहा हजारांवर. त्यांच्या देहांवर मासे, गिधाडं, किडे जगतात आणि हाडं वर्षानुवर्षं नदीला खत पुरवत राहतात, असं अभ्यासकांनी मोजलंय. ते समजून घेणं हे ज्ञान आहे. पण त्यासाठी तासभर आधी काठावर जागा धरून बसणं, उतरायच्या वाटेतच गाडी लावणं आणि मगरीने ओढलं की टाळ्या वाजवणं, याला ज्ञान कसं म्हणायचं?

मग बघायचं काय? अहो, बघायला इतकं आहे की दिवस पुरत नाही. मला सगळ्यांत जास्त दिलं ते हत्तींनी.

हत्तींचा कळप म्हणजे आजीचं घर. सगळ्यांत वयस्कर हत्तीण पुढे, तिच्या मुली, नाती, त्यांची पिल्लं मागे. नर वयात आले की घर सोडून जातात. हत्तिणीला बावीस महिने पोट असतं. पिल्लू झालं की फक्त आईच नव्हे, मावश्या आणि मोठ्या बहिणीही सांभाळतात. आमच्यासमोर एक पिल्लू चिखलात घसरलं, तर आईच्या आधी दुसऱ्याच एका तरण्या हत्तिणीने सोंड घातली. आमच्या नणंदबाई पटकन म्हणाल्या, "ही आत्या असणार!" आणि गाडीभर हशा पिकला.

माऱ्याच्या आग्नेयेला, किलिमांजारोच्या पायथ्याशी अँबोसेली आहे. तिथे सिंथिया मॉस या बाईंनी १९७२ पासून हत्तींच्या पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवली. तिथे अभ्यासकांनी कळपांना सिंहाच्या गर्जनांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. सिंहीण ओरडतेय की जास्त धोक्याचा नर, हे ज्या कळपाची आजी जास्त वयाची, तिला अधिक अचूक ओळखता आलं. टांझानियातल्या तारांगिरे इथे १९९३ साली भयंकर दुष्काळ पडला. काही कळप पाण्यासाठी उद्यान सोडून बाहेर पडले, त्यांची पिल्लं जास्त जगली. काही तिथेच राहिले, त्यांची पिल्लं जास्त दगावली. त्याआधीचा मोठा दुष्काळ १९५८ ते १९६१ चा. तो पाहिलेल्या म्हाताऱ्या हत्तिणी ज्या कळपांत होत्या, त्यांना कुठे जायचं ते आठवलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. घरातल्या सासूबाई "आमच्या वेळी असं होतं" म्हणू लागल्या की आपण उठून स्वयंपाकघरात जातो. हत्तीच्या घरात त्या बोलण्यावर नातवंडांचा जीव वाचतो.

आणि लहान जीव! लंचसाठी एका मोठ्या झाडाखाली थांबलो तेव्हा पायाशी शेणकिडा दिसला. मागच्या पायांनी स्वतःहून मोठा शेणाचा गोळा ढकलत उलटा चालत होता. आमचा ड्रायव्हर म्हणाला, हे नसते तर सगळं माळरान शेणाखाली गेलं असतं. पाठशाळेत आपण एकेंद्रिय ते पंचेंद्रिय पाठ करतो. इथे ते एका झाडाखाली उलगडून ठेवलेले असतात. नातवंडांना न्या, त्यांना दाखवा. पहिल्यांदा गवत, मग वारूळ, मग पक्षी, मग हत्ती.

एक गोष्ट माणसांबद्दलही. सहलीत मसाई लोकांची वस्ती दाखवतात. ते गाईचं दूध, मांस आणि रक्त खातात हे कळलं की आपल्या बाया नाक मुरडतात. पण हे लक्षात घ्या, त्यांचं जगणं गुराढोरांवर. रानातल्या हरणांचं मांस ते सहसा खात नाहीत. पूर्वी तरुण मुलं सिंह मारून पराक्रम दाखवत, हेही खरं. तरी आपल्या गोठ्याशेजारी सिंह, हत्ती नांदू देणारा हा समाज आहे, म्हणूनच तिथे आज बघायला काही उरलंय. राखीव क्षेत्राभोवती मसाई कुटुंबांनी जमिनी भाड्याने देऊन संरक्षित पट्टे केले आहेत. तिथे गाड्यांची संख्या कमी ठेवतात आणि भाडं त्या कुटुंबांना मिळतं. जमलं तर एक मुक्काम तिथे करा. आपला पैसा कुठे जातो, हेही श्रावकाने बघायचं असतं.

आता घरगुती सूचना, कारण त्याशिवाय माझा लेख पुरा होत नाही!

पहिल्याच दिवशी गाडीत बसताना ड्रायव्हरला हसून सांगा, "दादा, आम्हाला किल नको. पाच गाड्या असतील तिथे सहावी लावू नका. झोपलेला सिंहही चालेल, पक्षी दाखवा, हत्तींपाशी जास्त वेळ थांबा." आमच्या ड्रायव्हरला आम्ही तिसऱ्या दिवशी हे सांगितलं. तो मिनिटभर बघत राहिला आणि त्यानंतर त्याने आम्हाला जे दाखवलं ते आधीच्या दोन दिवसांत दिसलं नव्हतं. सगळ्या ड्रायव्हरांना घाई आवडते असं नाही, ती आपली असते. बक्षिसी देतानाही शांतपणे गाडी चालवली म्हणून देतोय, हे शब्दांत सांगा.

सूर्य तिथे वर्षभर साडेसहाच्या आसपासच मावळतो, आणि संध्याकाळची फेरी संपते तीही तेव्हाच. रात्रीभोजनत्याग असेल तर चारच्या फेरीआधी जेवून घ्या किंवा डबा बरोबर ठेवा. लॉजवर आदल्या दिवशी सांगितलं तर कांदा, लसूण, बटाटा नसलेली भाजी-भात करून देतात. नैरोबीत आपल्या ओसवाल बांधवांची मोठी वस्ती असल्यामुळे जैन जेवण हा शब्द तिकडे अनोळखी नाही. दशम्या, चिवडा, मेथीचे लाडू घरून न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि अभयारण्यांत २०२० पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास घ्या.

लॉजवरच्या माकडांना लाडू देऊ नका. कबुतरांना दाणे टाकायची आपली सवय, हात आपोआप पुढे जातो. पण खायला मिळालं की माकड माणसावर धावून जायला शिकतं आणि मग त्याच्याच जिवावर बेततं. तिथे हात आवरणं हीच जीवदया.

शेवटचं, तारखांबद्दल. नदी ओलांडण्याचा तो प्रसिद्ध हंगाम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका आपला चातुर्मास. त्यासाठी पर्युषण चुकवू नका. जानेवारीअखेर ते मार्च या काळात तेच विल्डेबीस्ट टांझानियात सेरेनगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर असतात. तिथे काही आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. वासरू काही मिनिटांत उठून उभं राहतं आणि आईमागे चालू लागतं. शिकारी जनावरं तिथेही असतात, मरण तिथेही आहे. पण निदान आपण जन्म बघायला गेलो, असं मनाशी म्हणता येईल.

आमच्या मंडळातल्या सहाजणी पुढच्या फेब्रुवारीत तिकडे निघाल्या आहेत. बुकिंग करतानाच त्यांनी ड्रायव्हरसाठीची सूचना लिहून दिली आहे. तुम्ही जाणार असाल तर तुमच्या गाडीतल्या बाकीच्या बायकांशी हे आधीच बोलून घ्या. एका गाडीत सगळ्यांचं एकमत असलं की फार सोपं जातं.

जय जिनेंद्र.